उजवा रकाना

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जरा घालून दाखवा मला. रोज घरी घालता ना, अगदी तसंच.” तिने बाटली हातात घेतली. यात दाखवण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं आणि थोडा रागही आला. बावीस वर्षं ती डोळ्यांत थेंब घालत होती. तिने सुरुवात केली तेव्हा या बाई शाळेत असतील. तिने नानांच्या हनुवटीला बोट लावलं, तशी तिच्या वडिलांनी सवयीने मान मागे टाकली. डाव्या डोळ्याची खालची पापणी तिने दोन बोटांनी हलकेच ओढली, आत छोटासा खळगा झाला, त्यात एक थेंब सोडला, पापण्या मिटवून एक म्हणेपर्यंत धरल्या आणि सोडल्या. गालावर टिपूसही ओघळला नाही. तिने बाटलीचं टोपण लावलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “झालं, नाना.” नानांनी मान सरळ केली. डॉक्टरीणबाई मात्र अजून वाट बघत होत्या. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि शेजारी कुणी झोपलेलं असावं अशा आवाजात विचारलं, “आणि दुसरा?”

“दुसरा काय?” ती म्हणाली. आपला आवाज तिला फार सहज वाटला, आणि पुढे कितीतरी वेळ तिला त्या सहजपणाचीच लाज वाटत राहिली. पाचच मिनिटांपूर्वी याच खुर्चीवर नानांच्या डोळ्यांत पिवळा रंग घालून, निळा दिवा लावून बाईंनी डोळ्यांचा दाब मोजला होता. डावा पंधरा. उजवा अडतीस. बाईंनी पुन्हा मोजला, पुन्हा अडतीस. मग त्यांनी विचारलं होतं, दोन्ही डोळ्यांत घालताय ना औषध, आणि ती ठामपणे म्हणाली होती, “हो तर. एक दिवस चुकलेला नाही.” ती खोटं बोलत नव्हती. तिला कुणी देवासमोर उभं करून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं. तो पिवळा रंग बघून तिला उलट घरच्यासारखं वाटलं होतं. तिच्या कामावरही हाच रंग असायचा, निळ्या उजेडात असाच हिरवट चमकायचा आणि जिथे डोळा भाजलेला असेल तिथे साचून राहायचा. नानांच्या डोळ्याकडे बघताना तिच्या मनात आपोआप आकडा आला होता. लाली एक. सूज शून्य. आता तिने नानांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. तो स्वच्छ होता, पांढरा होता, त्याला कधी कुणी हात लावलेला नव्हता.

हात लावायचा नाही, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. काजळ, शाम्पू, चेहऱ्याला लावायची क्रीमं, लहान मुलांच्या डोळ्यांना झोंबणार नाही म्हणून बाटलीवर छापलेले साबण, हे सगळं बाजारात जाण्याआधी तपासायला तिच्या कामाच्या खोलीत यायचं. खोलीत लाकडी खोड्यांची रांग होती, प्रत्येक खोड्यातून एक पांढरं डोकं बाहेर. सशाच्या डाव्या डोळ्यात थेंब घालायचा, पापणी एक म्हणेपर्यंत धरायची आणि सोडायची. उजव्यात काही नाही. उजवा तुलनेला. नवी होती तेव्हा एकदा तिने डावा पुसता पुसता उजव्याच्या कोपऱ्यातली घाणही टिपली होती, तर तिथल्या मोठ्या बाईंनी तिच्या मनगटावर चापट मारली होती. “त्याला विसरून जा,” त्या म्हणाल्या होत्या, “तो आहे हेच विसरून जा.” मग एका तासाने बघायचं, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस, बहात्तर. बुबुळ किती गढूळ झालं याला चारपैकी आकडा, लालीला तीनपैकी. वेळ चुकली की सगळी फेरी वाया, म्हणजे नवे ससे, नवे डावे डोळे. म्हणून ती वेळ चुकवायची नाही. त्यातल्या त्यात आपण दया करतो ती एवढीच, असं तिला वाटायचं. तिच्या हातातून थेंब सांडत नसे, पापणी ओरबाडली जात नसे, त्यामुळे कामावर सगळे तिला हलका हात म्हणायचे. “हलका हात आल्या का?” असं दारातूनच कुणीतरी विचारायचं, आणि चेष्टेत म्हटलेलं असलं तरी तिला ते आवडायचं.

डॉक्टरीणबाई बोलत होत्या. गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती टिकवायची, आता दोन औषधं, दोन्ही डोळ्यांत, कदाचित ऑपरेशन. “उजव्यात आता उजेड आणि अंधार एवढंच कळतंय त्यांना. डावा आधीच अधू होता, तो आहे तेवढा राहिलाय. मध्ये दोन तपासण्यांना आला नाहीत तुम्ही.” त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नाना दोघींकडे आलटून पालटून बघत होते, म्हणजे आवाज येईल तिकडे मान वळवत होते, आणि त्यांची मान नेहमी गरजेपेक्षा थोडी जास्त वळते आहे हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. “काय म्हणतायत?” त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, “औषध बदललंय, नाना.”

बसमध्ये खिडकीची जागा तिने त्यांना दिली. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला आली आणि मग ते बाहेर बघत नाहीत, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेत, हे तिच्या लक्षात आलं. नानांचं आयुष्य डोळ्यांवर गेलं होतं. पोस्टात जे पत्ते कुणालाच वाचता येत नसत, ती पत्रं शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. पावसात भिजलेली, शाई फुटलेली, कंप सुटलेल्या हातांनी लिहिलेली, पत्ता म्हणून नुसतं पिंपळाजवळचं घर असं लिहिलेली. नाना पत्र उजेडाशी तिरकं धरायचे, डावा डोळा मिटून नुसत्या उजव्याने बघायचे आणि पत्ता वाचायचे. उजवा डोळा चांगला, डावा लहानपणापासूनच कामचुकार, असं ते म्हणायचे. तिला लिहायला शिकवतानाही ते म्हणायचे, अक्षर वाईट असलं तरी चालेल, पण माणसाने काय म्हणायचंय ते कुठेतरी दिसतंच, बघणाऱ्याने धीर धरला पाहिजे. ती हसायची, कारण तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. ते छापल्यासारखं अक्षर बघूनच तिला नोकरीवर घेतलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वीचा तो दिवस तिला नीट आठवत होता, हेच तर वाईट होतं. तोपर्यंत औषध फक्त डाव्यात होतं. नाना आतल्या खोलीत यंत्रात डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबत बसले होते आणि याच डॉक्टरीणबाई तिला दारात म्हणाल्या होत्या, आता उजव्याचाही दाब वाढतोय, उद्यापासून दोन्हीकडे सुरू करा, चांगला डोळा आहे, तोच जपायचाय. तिने पर्समधून कागद काढून लिहूनही घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली हातात घेतली तेव्हा तिला माहीत होतं, दोन्ही डोळे. पण थेंब घालायचं काम तिचं डोकं करत नव्हतं. ते हात करत होते, आणि हातांना एकच डोळा ठाऊक होता. डावा झाला की टोपण, टोपण झालं की घड्याळ, घड्याळ पाहिलं की पर्स, किल्ल्या, जिना. बाटली महिनाभर पुरेल असं दुकानदार म्हणाला होता, तिची दोन महिने पुरायची, आणि आपला हात किती नेमका, काही वाया जात नाही, म्हणून ती मनातून खूश असायची. शेजारणीला तिने हे सांगितलंसुद्धा होतं.

नानांनी चहाचा कप टेबलाच्या डाव्या कडेला सरकवायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं, म्हातारपणाचा एकेक छंद. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा आपटायला लागला तेव्हा ती म्हणाली होती, “नाना, दार हलवून घेऊ का जरा तिकडे?” आणि दोघंही हसले होते. वर्तमानपत्र त्यांनी कधी बंद केलं? कधीतरी बंद झालं. तेच तेच असतं, म्हणाले. ती संध्याकाळी आली की त्यांना काहीतरी वाचून दाखवायची, तेही पेंगत पेंगत. दिवसभर ती चाळीस-चाळीस डोळ्यांत डोकावून कुठे तांबूस रेघ उठली, कुठे बुबुळावर धुकं आलं, ते टिपायची. नानांच्या डोळ्यांत ती रोज सकाळी वीतभर अंतरावरून बघत होती आणि तिला काहीच दिसलं नव्हतं. दिसणार तरी कसं? काचबिंदू आकड्यात येत नाही. लाली नाही, सूज नाही, पाणी नाही. बाहेरून बघितलं तर डोळा अगदी छान.

घरी आल्यावर नानांना खुर्चीत बसवून ती स्वयंपाकघरात गेली आणि कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता होता. औषधाचा तक्ता चौदा महिन्यांपूर्वी तिनेच केला होता, कामावरच्यासारखा, पट्टी धरून आखलेला. तारीख. डावा. उजवा. सही. सही करायची काही गरज नव्हती, पण सहीशिवाय तिला तक्ता पुरा वाटत नसे. महिना संपला की त्यावरच नवा कागद टाचायचा, असे चौदा कागद. तिने वरचा बघितला, मग खालचा, मग त्याच्या खालचा. डाव्या रकान्यात रोज बरोबरची खूण. उजव्या रकान्यात रोज एक आडवी रेघ. कामावर ती रेघ म्हणजे, काही घातलं नाही, तुलनेसाठी. चारशे दिवस तिने स्वतःच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहून ठेवलं होतं की आपण काय करतो आहोत, आणि खाली सही केली होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला मोठ्याने रडायचं होतं, पण बाहेर नाना होते आणि त्यांचे कान शाबूत होते.

आणि तरी ती कामावर गेली. सकाळचं काम तिने दुसऱ्या कुणावर सोपवलं होतं, पण चारचं वाचन, म्हणजे डोळे बघून आकडे लिहिणं, तिचं होतं. बापाचा डोळा घालवून बसलेली बाई चार वाजता सशाचे डोळे मोजायला जाते, असं तिने स्वतःलाच जिन्यात म्हणून पाहिलं, तरी पाय थांबले नाहीत. खोलीत नेहमीचा वास होता, गवताचा, मुताचा आणि वरून जंतुनाशकाचा. पिंजरे धुणारा म्हातारा, ज्याला सगळे गाजरकाका म्हणत, बादली घेऊन कोपऱ्यात उभा होता. तो घरून गाजरं आणून चोरून सशांना द्यायचा, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. तिने टॉर्च काढला. सात नंबरचा डावा डोळा अर्धवट मिटलेला होता, पापण्या सुजून उलट्या वळल्या होत्या, भोवतालची लव भिजून चिकटली होती. लहान मुलांचा शाम्पू. लाली तीन. सूज तीन. बुबुळ दोन. ससा ओरडत नाही. बावीस वर्षांत तिने दोनदाच ओरडणं ऐकलं होतं, आणि ते ऐकलेलं माणूस विसरत नाही. एरवी तो खोड्यात मान अडकवून नुसता बसतो, श्वास तेवढा भराभर चालतो. तो हलत नाही म्हणूनच त्याला या कामाला घेतात. गरीब जनावर, सोसतं, असं मोठ्या बाई म्हणायच्या.

तिने आकडे लिहिले. उजव्या रकान्यात रेघ ओढायला पेन टेकवलं आणि तिला ती ओढवेना. तिने तळहाताने सशाचा डावा डोळा झाकला आणि वाकून उजव्याकडे पाहिलं. तांबडा, स्वच्छ, गोल, त्यात खिडकी आणि तिचं डोकं. गाजरकाका मागून म्हणाले, “काय झालं, बाई?”

“काही नाही. या डोळ्याकडे कधी बघितलंच नव्हतं.”

“मी त्याच्याकडेच बघतो,” ते म्हणाले. “दुसऱ्याकडे बघवत नाही मला. पण याला सगळं दिसत असतं ना. तुम्ही बाटली घेऊन येता ते यालाच आधी दिसतं.” त्यांनी बादली उचलली आणि फडकं पिळलं. ते काही तिला टोचून बोलत नव्हते. तसा त्यांचा स्वभाव नव्हता. तीन आठवडे झाले की फाइल बंद व्हायची आणि दोन्ही डोळ्यांसकट ससा संपायचा. ते काम गाजरकाकांचं नव्हतं, तिचंही नव्हतं, गुरुवारी बाहेरून माणूस यायचा. नोकरी लागली त्या वर्षी नानांनी विचारलं होतं, “मग पुढे काय करता गं त्यांचं?” आणि ती म्हणाली होती, “सोडतात नाना, मळ्यावर.” नाना म्हणाले होते, मग ठीक आहे. तिने पेन तसंच उचललं. रकाना कोरा ठेवून सही केली आणि घरी आली.

सकाळी नाना आंघोळ करून खिडकीजवळच्या खुर्चीत नेहमीसारखे तयार बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावून. नऊचं वाचन होतं, म्हणजे आठला घर सोडायला हवं. टेबलावर नवी बाटली होती. तिने रात्री ठरवून ठेवलं होतं की आधी सांगायचं, सगळं सांगायचं, मग थेंब. पण त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा जे सांगायचं नव्हतं तेच तोंडातून आलं.

“नाना, त्यांना सोडत नाहीत.”

“कुणाला?”

“सशांना. मी तुम्हाला मळा म्हणून सांगितलं होतं. मळाबिळा काही नाही. मारतात.”

नानांनी मान जरा जास्तच वळवून तिचा चेहरा शोधला. “उजवा डोळा चांगला असतो म्हणालीस ना एकदा?”

“चांगला असतो. तरी.”

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. मग म्हणाले, “मला वाटतच होतं. मळ्यावर एवढे ससे कोण ठेवून घेईल.” आणि त्यांनी मान मागे टाकली. डावा डोळा पुढे करून टाकली, वर्षानुवर्षांच्या सवयीने. तिने त्यांची हनुवटी धरून चेहरा अलगद दुसरीकडे वळवला. पहिला थेंब त्यांच्या नाकाच्या बाजूला पडला आणि ओघळत ओठापर्यंत गेला, दुसरा पापणीवर पडला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिसरा उजव्या डोळ्यात गेला. तिने पापण्या मिटवून धरल्या. बोटाखाली डोळा उबदार होता आणि कोंडलेल्या पाखरासारखा किंचित हलत होता. तिने एक म्हटलं, तरी सोडलं नाही.

“नाना, हे मी चौदा महिने घालायला हवं होतं. त्यांनी सांगितलं होतं मला. माझ्यामुळे गेला हा डोळा.”

“माहीत आहे,” नाना म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, ओठांवर औषधाचा थेंब होता. “कपाटातला तक्ता वाचला होता मी. अगदी सुरुवातीला, दिसत होतं तेव्हा. दोन रकाने, एकात खूण, एकात रेघ. म्हटलं, आता याचा अर्थ काय असेल. मग म्हटलं, ही दिवसभर डोळेच बघते, हिला कळत असणार. बाईंनीच नको म्हटलं असेल.”

“विचारायचं ना, नाना. एकदा तरी विचारायचं.”

“दोन-तीनदा आलं होतं मनात. मग उजव्याला कडेकडेने काळं दिसायला लागलं तेव्हा तर एकदा अगदी ओठावर आलं. पण तू घड्याळाकडे बघत होतीस, बाळा. म्हटलं, दुसरा थेंब मागितला तर तुला उशीर होईल, तुझ्या सशांची वेळ चुकेल, मग पुन्हा नवे ससे आणायला लागतात म्हणतेस.” त्यांनी हात उचलून तिचा हात शोधला, आधी तो खुर्चीच्या दांडीला लागला, मग हवेत, मग तिच्या मनगटाला. त्यांनी मनगट थोपटलं. “तुझा हात हलका आहे खरा. थेंब घातलेला कळत नाही.”

तिने पापण्यांवरची बोटं काढली. डाव्यातही घातला, या वेळी नीट. टोपण लावलं. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही, पण आठचे ठोके शेजारच्या घरातून ऐकू आले आणि संपले. ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्याशी, आणि शेवटी रडली, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. नाना मान मागे टाकून बसून होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर. ती झालं म्हणेपर्यंत ते कधीच मान सरळ करत नसत. ती दोनदा म्हणायला गेली, पण तो शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेना, आणि नाना न हलता तसेच थांबून राहिले.